चुन्याखालचा भोंगा

दौलतपेठच्या संग्रहालयात येणारा पाहुणा पहिल्यांदा गोंधळून जाई. जुन्या जकात नाक्याच्या दोन खोल्या, एक लांब टेबल, भिंतीवर शहराचा मोठा नकाशा, आणि बस्स. मूर्ती नाही, चित्र नाही. ‘म्युझियम कुठंय?’ असं त्यानं विचारलं की अनसूया येमूल दाराकडे बोट दाखवून म्हणे, ‘आत्ता ज्या रस्त्यानं आलात ना, तेच.’

हे संग्रहालय रस्त्यावरच्या कलेचं होतं. चौकातले पुतळे, शाळांच्या भिंतींवरची चित्रं, तालमीच्या कमानीवरचा सिमेंटचा मारुती, आटलेल्या कारंज्यावरचे दोन हंस, जुन्या हॉटेलांच्या हातानं रंगवलेल्या पाट्या. अशा तीनशे बारा वस्तू आपापल्या जागी उभ्या होत्या आणि त्यांची देखभाल या दोन खोल्यांतून चाले. पुतळ्यांवरची कबुतरांची घाण धुवायची, जयंतीला घातलेल्या हारांच्या तारा दुसऱ्या दिवशी काढायच्या, चित्रात खिळा ठोकून बॅनर बांधणाऱ्याशी भांडायचं. कोणती वस्तू कोणी केली, कशानं केली, आज तिची तब्येत कशी आहे, याची नोंद अनसूया ठेवी. वय एकसष्ट झालं होतं. निवृत्ती तीनदा पुढे ढकलली होती, कारण तिच्याइतकं शहर दुसऱ्या कोणाच्या लक्षात नव्हतं.

शहराच्याही ती चांगली लक्षात होती. भाजी घ्यायला मंडईत गेली की साठीच्या पुढचं कोणीतरी शेजारच्याला सांगेच, “ही चुनालाव्याची पोरगी बरं का.”

या नावाची गोष्ट मंडईच्या बोळात घडली होती. मंडईत शिरायला एक छत घातलेला लांब बोळ आहे. त्याच्या उजव्या भिंतीवर १९७४ साली दिनकर हेर्लेकर नावाच्या चित्रकारानं सत्तावीस फुटांचं चित्र रंगवलं होतं. नाव ‘भोंगा’. गिरणीची पाळी सुटली आहे आणि बायाबाप्ये फाटकातून बाहेर पडताहेत, एवढाच विषय. पण हेर्लेकरांनी चेहरे खरे घेतले होते. वाइंडिंग खात्यातल्या, साच्यांवरच्या, बॉयलरवरच्या माणसांना समोर बसवून काढलेले. लोक भाजी घ्यायला जाता जाता आपल्या बापाला, मावशीला, शेजाऱ्याला भिंतीवर भेटत.

पुढे गिरणी बंद पडली, देण्याघेण्याची भांडणं झाली, आणि ते चित्र कोणाकोणाच्या डोळ्यांत सलू लागलं. १९९३ साली वरून हुकूम आला: चित्र खरवडून काढावं, भिंतीला चुना देऊन साक्षरतेचं वाक्य लिहावं. काम मिळालं मल्लय्या येमूलला. घरात माग, पण मल्लय्याचा हात ब्रशावर बसलेला, म्हणून पाट्या रंगवणारा. त्यानं दोन दिवसांत भिंत पांढरी केली आणि वर निळीच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘अक्षर शिका, अंगठा विसरा’. तिसऱ्या दिवशी गावानं त्याचं नाव बदललं. चुना देणं आणि फसवणं दोन्ही एका शब्दात बसत होतं, त्यामुळे नाव गावाला फार आवडलं. त्यात चुनाही हलका निघाला. भिंतीला पाठ टेकली की सदरा पांढरा. ‘गावाला चुना लावला, तोही पातळ!’ असं लोक म्हणत.

मल्लय्या काही बोलला नाही. अकरा वर्षांनी तो वारला तेव्हाही काही बोललेला नव्हता.

त्याच्या हातच्या बाकी सगळ्या पाट्या फ्लेक्स आल्यावर भंगारात गेल्या. बोळात ऊन नाही, पाऊस नाही, म्हणून ती एक ओळ मात्र टिकली. नीळ फिकी झाली होती. ‘क्ष’ची गाठ आणि ‘ठ’चं पोट अजून तसंच गोल होतं. अनसूया मंडईत दर दोन दिवसांनी जाई, ते काही भाजी संपते म्हणून नव्हे.

थरवाचक हे यंत्र आलं ते २०४७ सालच्या जानेवारीत, दोन लाकडी खोक्यांतून.

त्यामागचं विज्ञान समजायला तसं अवघड नव्हतं. रेडिओच्या लहरी भिंतीतून आरपार जातात, प्रकाश भिंतीवर अडतो. या दोहोंच्या मधे लहरींचा एक पट्टा आहे. त्या लहरी कोरड्या चुन्यात, रंगात, कागदात काही मिलिमीटर शिरतात, आणि जिथं एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथून त्यांचा थोडा भाग परत फिरतो. आडात हाक मारली की प्रतिध्वनी यावा तसा. वरच्या थराचा आधी, खालच्याचा नंतर. त्या दोन प्रतिध्वनींमधलं अंतर सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग असतं. ते यंत्र मोजी आणि प्रत्येक थराची जाडी सांगे. शिवाय प्रत्येक पदार्थ त्या पट्ट्यातल्या ठरावीक लहरी गिळतो. कोणत्या लहरी परत आल्या नाहीत हे पाहिलं की तो पदार्थ कोणता ते ओळखता येतं. त्यासाठी यंत्राच्या पोटात चार हजार पदार्थांची यादी होती. एका वेगळ्या नळीतून क्ष-किरण सोडून थरातले धातूही कळत. हे सगळं जुळवून पडद्यावर एकामागून एक चित्रं येत, जणू भिंतीची वही उलटी चाळावी.

सुरुवातीला गावानं ही जादू म्हणून पाहिली. तालमीच्या मारुतीवर चौदा रंग निघाले, त्यांतला सर्वांत खालचा पिवळा. एका शाळेच्या भिंतीत, नकाशाच्या खाली, कोण्या विसरलेल्या मास्तरांनी काढलेलं अख्खं जंगल सापडलं. मग लोक अर्ज करू लागले: आमच्या आजोबांचा थर उघडा.

इथं पेच होता. वाचायला यंत्र पुरे, पण उघडायचं म्हणजे लेसरच्या झोतानं वरचे थर पापुद्र्या-पापुद्र्यानं जाळायचे. एकाचा आजोबा उघडला की दुसऱ्याचा काका गेला. दोन सख्खे भाऊ एका दुकानाच्या कपाळावरून महिनाभर अबोला धरून बसले. शेवटी संग्रहालयानं नियम केला. वरच्या थराच्या कर्त्याचा वारस हयात असेल, तर त्याच्या लेखी संमतीशिवाय उघडणी होणार नाही. नियमाचा मसुदा अनसूयेनंच लिहिला होता. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे दुसऱ्यांच्या भिंती होत्या.

मार्चमध्ये मंडईचा बोळ वाचायला घेतला. सकाळी आठला यंत्र लावलं, साडेनऊला पडद्यावर सावल्या उमटू लागल्या आणि भाजीवाल्या गिऱ्हाइकं सोडून बोळात जमल्या. आधी फाटकाच्या सळया दिसल्या. मग डबा धरलेला एक हात. मग टोप्या, पदर, पाय.

“अगं बाई, आहे की सगळं!” कोणीतरी ओरडलं.

संचालिका डॉ. तबस्सुम बागवान पडद्याजवळ वाकल्या. याच मंडईत त्यांच्या आजोबांची केळ्यांची वखार होती. “खरवडलंच नाही,” त्या हळू म्हणाल्या. “अक्का, बघितलंत का? एक ओरखडा नाही.”

अनसूयेनं पाहिलं. चोपन्न वर्षं गाव जे पुसलं म्हणत होतं, ते चुन्याखाली शाबूत होतं. पण गर्दीला त्यात मल्लय्याचं काही दिसलं नाही.

“आळशी होता, म्हणून वाचलं,” कोथिंबीरवाली म्हणाली. “खरवडायचा कंटाळा!”

सगळे हसले. अनसूयाही थोडी हसली, सवयीनं.

दुपारी यंत्राचा अहवाल आला. चुन्याचा थर, खाली एक अतिशय पातळ थर, त्याखाली तैलरंग. मधल्या पातळ थरापुढे यंत्रानं लिहिलं होतं: ‘सेंद्रिय. बहुधा बुरशी. वाढल्यास खालील चित्रास धोका. उघडणी लवकर करावी.’

“म्हणजे वेळ नाही आपल्याकडे,” डॉ. बागवान म्हणाल्या. त्यांनी खणातून संमतीचा कागद काढला, पण पुढे सरकवला नाही. तसाच हाताखाली ठेवला. “अक्का, वारस तुम्ही एकट्याच ना?”

“हो. मी एकटीच.”

“मी घाई करणार नाही.”

“आठ दिवस द्या मला,” अनसूया म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी गुरुनाथ कोरे काठी टेकत जकात नाक्यावर आले. वय त्र्याऐंशी. तरुणपणी हमाली, मग नारळाचं दुकान, आता नुसतं दुकानाच्या फळीवर बसणं. मंडईत सर्वांत मोठा आवाज त्यांचा, आणि ‘चुनालाव्या’ हे नाव पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून निघालं असं सांगत.

“सही केलीस का?” त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

“नाही अजून.”

“का? बापानं एकदा झाकलं, आता तू झाकून ठेवणार? तुमच्या घरात चुन्याची भट्टी आहे का गं?”

“बसा काका. पाणी घ्या.”

ते बसले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या नकाशात मंडईच्या बोळावर काठी टेकवली.

“माझी आई आहे त्या चित्रात,” ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “सुंद्राबाई. वाइंडिंगला होती. फाटकाच्या तिसऱ्या खांबाजवळ, हातात डबा. एक्क्याऐंशीला गेली. तिचा फोटो नाही, पोरी. तेव्हा कोण काढतंय फोटो! तर रोज सकाळी भाजीच्या पाट्या उतरवायला जाताना मी तिला बघून जायचो. बारा वर्षं. एकदा दोन दिवस तुळजापूरला गेलो आणि परत आलो, तर पांढरी भिंत. ओला चुना. तुझा बाप शिडीवर उभा, अक्षर काढत.”

“काय म्हणालात तुम्ही त्यांना?”

“शिव्या घातल्या. शिडीला लाथ मारली. पडला असता.”

“मग?”

“शिडी धरून उभा राहिला. म्हणाला, ‘थांबा, गुरुनाथ.’ मी म्हटलं, थांबून काय करू, आई गेली माझी दुसऱ्यांदा.” कोऱ्यांनी काठी उचलली. “आता तोंड आठवत नाही मला तिचं. नाक डोळे वेगवेगळे आठवतात, पण एकत्र होत नाहीत. तुला अक्षरं हवीत, कळतं मला. मी काय म्हातारा आहे, चार दिवसांचा. पण चार दिवस तरी आहेत ना.”

ते गेल्यावर अनसूयेचा चहा निवून गेला. तिला कोऱ्यांचा राग यायला हवा होता. तो तिनं शोधून पाहिला, पण सापडला नाही. सापडली ती दोन माणसांची दोन दुःखं, एकाच भिंतीवर एकावर एक चढवलेली. एक उघडायचं तर दुसरं जाळायचं. तिच्या बापाचं हस्ताक्षर जगात कोणालाही नको होतं. ते फक्त तिला हवं होतं. एवढ्याशा आधारावर सत्तावीस फूट भिंत अडवायची?

आणि तरी सही होईना.

अहवाल ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. चांगला नोंदणीकार वाक्यांपेक्षा आकडे आधी वाचतो. पाचव्या दिवशी सकाळी तिची नजर क्ष-किरणांच्या तक्त्यावर अडली. मधल्या पातळ थरापुढे लिहिलं होतं: तांबे. थोडं, पण सगळीकडे सारखं.

ती डॉ. बागवानांच्या टेबलाशी गेली. “मॅडम, बुरशीत तांबं कुठून येईल?”

“रंगातून उतरलं असेल. हिरव्या रंगात असतं कधी कधी.”

“हिरवा एका कोपऱ्यात आहे, तांबं सत्तावीस फूट आहे. आणि तांबं असेल तिथं बुरशी धरत नाही. तांब्याच्या भांड्यात पाणी का ठेवतो आपण?”

डॉ. बागवानांनी चष्मा काढला. “मग काय आहे ते?”

“सांगते. दोन दिवसांनी सांगते.”

तिला तेव्हा अर्धवटच कळलं होतं. घरी जाताना बसमध्ये बाकीचं आठवलं, आणि आठवलं ते एका चापटीवरून. नायनानं, म्हणजे तिच्या बापानं, तिला जन्मात एकदाच मारलं होतं. ती सात वर्षांची होती. अंगणातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात चिंचोक्याची खळ शिजत होती. मागावर ताणा चढवायच्या आधी सुताला लावतात ती. अम्मा ओरडत होती, “मागाची खळ कुठं निघालात घेऊन?” नायना उत्तर न देता ढवळत होता. मग त्यानं कागदाच्या पुडीतून निळे चकचकीत खडे पातेल्यात टाकले. तिनं एक खडा उचलायला हात घातला, तशी फाडकन चापट बसली. “विष आहे ते!”

मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार. कोष्ट्याच्या घरातल्या कोणालाही विचारा. खळ रोजची असेल तर त्यात मोरचूद घालत नाहीत, लावायची आणि आठवड्यात धुवायची. मोरचूद घालतात तो खळ बरेच दिवस टिकवायची असली तर. कीड लागू नये, बुरशी धरू नये म्हणून.

तिनं बाजारातून चिंचोके आणले, भाजून सालं काढली, दळले, खळ शिजवली. चार दशकांनी तो वास घरात फिरला. तैलरंग लावलेल्या फरशीच्या तुकड्यावर तिनं मोरचूद घातलेली खळ पसरली, वाळल्यावर वर चुना दिला, आणि तो तुकडा रुमालात गुंडाळून संग्रहालयात नेऊन थरवाचकाखाली ठेवला.

पडद्यावर दोन रेषा एकावर एक आल्या. भिंतीची आणि फरशीची. जुनी रेषा थोडी झिजलेली, पण खड्डे त्याच जागी. खाली यंत्रानं पुन्हा इमानदारीनं लिहिलं: बहुधा बुरशी. त्याच्या यादीत चार हजार पदार्थ होते, पण चिंचोका नव्हता.

डॉ. बागवानांनी फरशीचा तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, “खळ कशासाठी लावली त्यांनी?”

“सुताला कशासाठी लावतात, मॅडम? मागावर घासून तुटू नये म्हणून. आणि कापड विणून झालं की पहिलं काम खळ धुवायची. गरम पाण्यानं निघून जाते सगळी.” अनसूयेनं पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं. “तैलरंगावर खळ, खळीवर चुना. चुन्यानं चित्राला कुठंच धरलेलं नाही. म्हणून तर तो हलका, म्हणून तर सदऱ्याला लागायचा. खालचं तैलचित्र पाण्याला दाद देत नाही. वरचं सगळं गरम पाण्यानं उतरेल. लेसरची गरजच नाही.”

“हुकूम तर खरवडायचा होता.”

“हो.”

“आणि हे कोणाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस पटाशी घेऊन आला असता.” डॉ. बागवान खुर्चीत मागे टेकल्या. “म्हणून गप्प राहिले. अकरा वर्षं.”

अनसूयेला हसू आलं, आणि त्या हसण्यात डोळे भरले. “चुना लावला म्हणत होते ना लोक? लावला की. पण गावाला नाही, हुकूम देणाऱ्यांना लावला.”

त्या दुपारी त्या दोघींनी एक प्रयत्न करून पाहिला. अक्षरांचा थर अखंड उचलून निघतो का? कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर मलमलीचा तुकडा चिकटवला आणि अलगद सोलला. मलमल आली, चुना पिठासारखा खाली सांडला. अक्षरं कुठंच जाणार नव्हती. राहिली तर भिंतीवर, नाही तर नाही.

परतताना डॉ. बागवान वाटेत थांबल्या. “अक्का, एक सांगू? तुम्ही सही करू नका.”

“म्हणजे?” अनसूयेनं विचारलं.

“मी हा अहवाल छापते. पेपरात देते, मंडईत फलक लावते. मल्लय्या येमूल यांनी चित्र वाचवलं, असा. खळ आहे, मोरचूद आहे, म्हणजे बुरशीची भीती नाही. चित्र चुन्याखाली अजून शंभर वर्षं सुखरूप राहील. थरवाचकानं पडद्यावर दाखवू लोकांना. तुमच्या वडिलांचं नावही स्वच्छ होईल, अक्षरंही राहतील. तुमचं काहीच जायला नको.”

“आणि कोरे काका?”

“त्यांना पडद्यावर दाखवू.”

“पडद्यावर सावल्या दिसतात, मॅडम. रंग नाही, नजर नाही. करडं डोकं आणि करडा पदर.”

“तेवढं तरी दिसेल.”

हा सल्ला इतका शहाणा होता की अनसूयेला तो रात्रभर मोडता आला नाही. सकाळी उठली तेव्हाही तो तसाच उभा होता. तिनं अंघोळ केली. कपाटातून नवी सुती साडी काढली, मुलीच्या लग्नाच्या वेळची, कधी न नेसलेली. खळ न काढल्यामुळे ती पुठ्ठ्यासारखी ताठ होती आणि अंगाशी बसेना. निऱ्या घालता घालता तिचे हात थांबले.

कोणी कोष्टी खळ लावून कापड तसंच ठेवत नाही. जो खळ लावतो तो धुणार असतो. नायना त्या भिंतीपाशी परत येणार होता. हुकूम थंड झाले की, माणसं बदलली की, एखाद्या सकाळी घंगाळभर गरम पाणी घेऊन. ‘थांबा, गुरुनाथ,’ हे त्यानं त्यासाठीच म्हटलं होतं. अकरा वर्षांत ती सकाळ आली नाही, एवढंच. ज्या अक्षरांना ती इतकी जपत होती, ती लिहितानाच त्यानं पाण्यावर सोडलेली होती.

तिनं साडी बदलली, जुनी नेसली. संग्रहालयात जाऊन कागदावर सही केली आणि खाली एक ओळ लिहिली: ‘उघडणी पाण्याने करावी. वारस स्वतः करील.’

डॉ. बागवानांनी ओळ वाचली. “नक्की?”

“लेसरला काय कळतंय त्यातलं,” अनसूया म्हणाली. “पाणी तापवायला सांगा.”

रविवारी मंडई बंद असते. सकाळी सात वाजता बोळाच्या तोंडाशी दोन शेगड्या पेटल्या, त्यावर पातेली चढली. कालच्या पेपरात मल्लय्याची हकीकत आली होती, त्यामुळे बंद असूनही अर्धी मंडई हजर होती. कोथिंबीरवालीनं अनसूयेच्या हातात चहा दिला आणि तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाली, “आम्हाला काय माहीत बाई. आम्ही आपलं ऐकलेलं बोलायचो.”

“मलाही कुठं माहीत होतं,” अनसूया म्हणाली.

शिडी लावली. थरवाचकानं जिथं मनुष्याकृती दाटीनं दाखवल्या होत्या, तो भाग आधी घ्यायचं ठरलं. नेमकी तिथं ‘अंगठा’ ही अक्षरं होती. अनसूयेनं स्पंज गरम पाण्यात बुडवला, पिळला आणि ‘ठा’च्या डोक्यावर ठेवला. शंभर आकडे मोजेपर्यंत तसाच धरला. मग उचलला.

काही झालं नाही. चुना फक्त काळवंडला. मागं कोणीतरी चुकचुकलं.

तिनं दुसऱ्यांदा धरला. या वेळी आतून काहीतरी फुगल्यासारखं वाटलं, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं, आणि एक आंबूस, चुलीजवळचा वास आला. ‘ठ’चं गोल पोट मधोमध सैल झालं. क्षणभर ते अक्षर भिंतीवर नुसतंच टेकून राहिलं. तिला वाटलं, हात लावू नये. मग तिनं बोटाच्या कडेनं अगदी हलकं ढकललं, आणि चोपन्न वर्षांचा चुना निळीसकट ओघळून खालच्या परातीत पडला. त्या जागी तांबूस तपकिरी रंग चमकला, ओला, जणू काल लावलेला.

मग काम भराभर होऊ लागलं. डॉ. बागवान पाणी बदलत होत्या, भाजीवाल्या शेगड्या सांभाळत होत्या. अनुस्वार गेला, ‘ग’ची काठी गेली. एक खांब उघडला, दुसरा उघडला. कोणाची तरी मिशी आली तेव्हा मागं टाळ्या पडल्या: “अरे हा आमचा सिद्राम आजा!” अनसूया वळून पाहत नव्हती. प्रत्येक अक्षर ती आधी स्पंजानं वरून खाली एकदा गिरवी, जशी लहानपणी पाटीवर गिरवायची, आणि मग धुई. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. डॉ. बागवानांच्या आलं असावं, कारण त्या घाई करत नव्हत्या.

साडेदहाला तिसरा खांब उघडला. त्याच्या शेजारी एक हात, हातात पितळी डबा. लाल काठाचं लुगडं. अनसूयेनं शेवटचा पट्टा धुतला आणि शिडीवरून खाली उतरली.

“काका,” तिनं हाक मारली, “या पुढे.”

गुरुनाथ कोरे सकाळपासून भिंतीकडे पाठ करून पोत्यावर बसले होते. लोकांनी वाट करून दिली. ते काठी टेकत आले आणि भिंतीपासून हातभर अंतरावर थांबले. चित्रातली बाई फाटकातून बाहेर पाऊल टाकत होती. थकलेली, कपाळावर घाम, भुवई थोडी वर, कोणी हाक मारली तर उत्तर द्यायला तयार असलेली. तिशीसुद्धा नसेल.

कोऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. शेगडीवरचं पाणी तेवढं उकळत होतं.

“केवढीशी आहे ही,” शेवटी ते म्हणाले. “अगदीच लहान आहे गं ही. मला वाटायचं, मोठी बाई होती.”

त्यांनी हात वर केला, पण चित्राला लावला नाही. तो परातीकडे नेला. परातीत दुधासारखं पाणी होतं, त्यात निळीचे दोन-चार तवंग फिरत होते.

“यात तुझ्या बापाचं गेलं सगळं,” ते म्हणाले.

“हो.”

“मी लाथ मारली होती शिडीला.”

“सांगितलंत तुम्ही.”

“काहीच ठेवलं नाहीस तुझ्यासाठी?”

अनसूयेनं परातीतल्या पाण्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तसं तुटलं नव्हतं काही आत. हात गरम होते, बोटं चिकट झाली होती, आणि बोटांना अजून तो वास होता.

“खळ ठेवायची नसते, काका,” ती म्हणाली. तिनं स्पंज पुन्हा गरम पाण्यात बुडवला, पिळला आणि भिंतीपाशी खाली वाकली. “जरा बाजूला सरका बघू. तुमच्या आईच्या पायांवर अजून चुना आहे.”